मुलीचा खेळ आणि मुलीची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणीतरी चार शब्द बोलायचे अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझ्याकडे विषय पाठवला तो टेनिसचा! मी जन्मात रॅकेट हाती धरलेली नाही. तीस वर्षे हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवले, आणि खेळाच्या तासाला मुली मैदानावर गेल्या की मी वह्या तपासत बसे. तेव्हा मी नाही म्हणणार होते. पण चिटणीसबाईंनी खरे कारण सांगितले आणि मग नाही म्हणवेना.

कारण असे की, आपल्यातल्याच एका भगिनीची मुलगी चौदा वर्षांची आहे, नववीत आहे, आणि टेनिस फार चांगले खेळते. तिला रोज चार तास सराव हवा, तो इथे मिळत नाही, असे जाणकारांनी सांगितले आहे. वडिलांचे म्हणणे, शाळा आता पुरे. पुण्यात खोली घ्यावी, आईने सोबत राहावे, आणि खर्चासाठी रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा काढावा. आजीचे म्हणणे, दहावी तोंडावर आली, ती रॅकेट माळ्यावर टाका. तीन महिने त्या घरात जेवताना दुसरा विषय नाही. त्या भगिनीनेच ‘सभेत बोला, चार जणींचे मत कळेल’ असे सांगितले. नाव मी घेत नाही. आपण सगळ्या ओळखतो हे खरे, पण हे भाषण स्मरणिकेत छापले जायचे आहे, आणि आपली स्मरणिका मंचर, घोडेगाव, नारायणगावापर्यंत जाते.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना चुलीवरच्या दुधाची काळजी आहे त्या निर्धास्तपणे उठू शकतील. वडिलांचे मला पटत नाही आणि आजींचेही पटत नाही. शिक्षण लांबले तरी चालेल, तुटता कामा नये. आणि खेळही दहावीच्या नावाखाली तोडू नये.

आता हे मत मी कशावरून बनवले ते सांगते.

प्रथम हा खेळ व्यवसाय म्हणून कसा चालतो हे समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या डोळ्यांसमोर असते ती कबड्डी आणि खो-खो. तिथे संघ असतो, निवड झाली की प्रवासखर्च बहुधा कोणीतरी करते, आणि चांगल्या खेळाडूला रेल्वे किंवा पोलीस खाते नोकरी देते. टेनिसचा खेळाडू एकटा असतो. स्पर्धा कुठे आहे ते बघायचे, आपल्या पैशाने जायचे, आपल्या पैशाने राहायचे, जिंकले तर गुण मिळतात आणि त्या गुणांवर जगातला क्रम ठरतो. बरे, हे गुण पोस्टातल्या ठेवीसारखे साठत नाहीत. 52 आठवडे झाले की जुने गुण गळून पडतात. म्हणजे एक वर्ष घरी बसले की क्रमवारीतून नाव पुसले जाते. आजी म्हणतात तशी ‘एक वर्ष फक्त अभ्यास’ ही गोष्ट कबड्डीत कदाचित चालेल; टेनिसमध्ये ती फार महाग पडते. एवढे आजींनी लक्षात घ्यावे.

आणि वडिलांनी काय लक्षात घ्यावे? पैसा. विंबल्डनच्या मुख्य स्पर्धेत 2025 साली पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूलाही 66 हजार पौंड मिळाले. हा आकडा वर्तमानपत्रात येतो आणि घरोघरी वाचला जातो. पण तिथे पोचणाऱ्या मुली जगात शंभर-सव्वाशे. खालच्या पायरीवर ज्या स्पर्धा होतात, जिथून प्रत्येकीला सुरुवात करावी लागते, त्यांतल्या सर्वांत लहान स्पर्धेची सगळी मिळून बक्षिसे 15 हजार डॉलरची. त्यांतून विजेतीला दोन हजारांच्या थोडे वर मिळतात, आणि पहिल्या फेरीत हरली तिला दीडशे डॉलरच्या आसपास. विमानाचे भाडे, खोलीचे भाडे, जेवण, रॅकेटच्या तारा, दोन-तीन महिन्यांत झिजणारे बूट, हे सगळे त्या दीडशे डॉलरमधून काढायचे. आपल्याकडे टोमॅटोचा भाव पडला की वाहतुकीचा खर्च निघत नाही म्हणून शेतकरी माल रस्त्यावर ओततो. तसाच हा हिशेब आहे. फरक एवढाच की टोमॅटोचे पीक दुसऱ्या हंगामात पुन्हा घेता येते.

जमीन विकू नये असे मी म्हणत नाही. मुलांसाठी लोक जमिनी विकतातच, आणि लग्नात उडवण्यासाठी विकण्यापेक्षा यासाठी विकणे मला शंभरपट मान्य आहे. पण जमीन विकायची आणि शाळाही सोडवायची, असे दोन्ही दोर एकदम कापू नयेत.

आता उदाहरणे पाहू. महाराष्ट्रातच पाहू, फार लांब जायला नको.

पहिले उदाहरण जुने आहे. पंडिता क्षमा राव यांचे नाव संस्कृत शिकवणाऱ्यांना ठाऊक असते. तुकोबांची गाथा ज्यांनी संपादून छापली त्या दोन पंडितांपैकी शंकर पांडुरंग पंडित यांची ही कन्या, 1890 साली पुण्यात जन्मलेली. ती लहान असतानाच वडील गेले. पुढे मुंबईच्या डॉक्टर राव यांच्याशी विवाह झाला. या बाईंनी ‘सत्याग्रहगीता’ संस्कृतात लिहिली, तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृत श्लोकांत रचली, आणि त्या टेनिसही उत्तम खेळत! त्यांची मुलगी लीला राव. तिने 1934 साली विंबल्डनमध्ये पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढे तिनेही नृत्यशास्त्रावर ग्रंथ लिहिले. एका घरात दोन पिढ्या रॅकेट आणि पोथी एका फळीवर नांदत होत्या. मला हे वाचून फार आनंद झाला, हे कबूल करते. पण या घरात पैशाची ददात नव्हती, आणि त्या काळी या खेळात बक्षिसाचा पैसाही नव्हता. ती हौस होती, मोठी आणि सुंदर हौस. आपल्या मुलीला या खेळावर पोट भरायचे आहे. तेव्हा हे उदाहरण मनाला उभारी देते, वाट मात्र दाखवत नाही.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्या तालुक्याच्या गावचे. प्रार्थना ठोंबरे ही सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची मुलगी. 2014 साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीत कांस्यपदक, आणि 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तिच्याच जोडीने खेळली. तिथे पहिल्याच फेरीत हरल्या, पण तीन सेट झुंजून, तिसरा सेट पाच-सात असा. बार्शीहून ऑलिंपिकला जाता येते, मग जुन्नरहून का जाता येऊ नये? ज्या मैत्रिणी ‘आपल्या गावात का ही थेरं’ म्हणतात त्यांच्यासाठी एवढे पुरे.

तिसरे उदाहरण माझ्या मते सर्वांत उपयोगी. ऋतुजा भोसले. 1996 साली जन्मलेली, श्रीरामपूरची, पुण्यात खेळून मोठी झालेली. मुलींच्या गटात नाव झाले, भारताच्या संघातही गेली. आणि अशा वेळी, म्हणजे 2014 साली, ती अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला गेली. वर्षानुवर्षे खेळलेली मुलगी ऐन अठराव्या वर्षी कॉलेजात जाते म्हणजे खेळावर पाणी सोडते, असे आपल्याला वाटेल. पण तिथली पद्धत निराळी आहे. विद्यापीठाचा टेनिससंघ असतो, प्रशिक्षक असतो, कोर्ट असते, सामन्यांचा प्रवासखर्च विद्यापीठ करते, आणि संघात निवडलेल्या चांगल्या मुलीला शिष्यवृत्तीतून शिक्षण, राहणे, जेवण मिळू शकते. त्याच्या बदल्यात तिने पूर्ण वेळ विद्यार्थिनी असले पाहिजे, ठरलेले गुण मिळवले पाहिजेत, आणि हंगामात आठवड्याला वीस तासांहून अधिक सक्तीचा सराव तिच्याकडून घेता येत नाही, असा तिथल्या क्रीडासंघटनेचा नियम आहे. वीस तास! पुन्हा एकदा सांगते, आठवड्याला.

ऋतुजा 2017 पर्यंत तिथे खेळली, मग परत येऊन व्यावसायिक स्पर्धांत उतरली. 2020 साली तिचे लग्न झाले, तरी खेळ सुटला नाही. 30 सप्टेंबर 2023 रोजी चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचा अंतिम सामना ती खेळली. पहिला सेट दोन-सहा असा गेला. दुसरा सहा-तीन जिंकला, आणि शेवटी दहा-चार. सुवर्णपदक! तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. कॉलेजात घालवलेली वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

पुण्याचाच अर्जुन काढे हा मुलगा, त्यानेही ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात राहून हीच वाट धरली आणि 2024 साली अल्माटीच्या मोठ्या स्पर्धेत दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले. आणि परदेशी जाणे जमले नाही तर? पुण्याचीच वैष्णवी आडकर 2025 च्या जुलैमध्ये जर्मनीत भरलेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक घेऊन आली. त्या स्पर्धेत उतरायचे तर विद्यापीठाशी नाते लागते. शाळा सोडलेल्या मुलीला ते दार उघडत नाही.

या अमेरिकेच्या वाटेत एक गोम आहे, आणि आजच्या भाषणात माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. तिथे प्रवेश देताना नुसती बारावी बघत नाहीत. नववीपासूनचे गुण बघतात. नववी, दहावी, अकरावी, बारावी, चारही वर्षांची भाषा, गणित, शास्त्र, समाजशास्त्र. म्हणजे जी मुलगी नववीत शाळा सोडते ती नुसती शाळा सोडत नाही, टेनिसची एक मोठी वाटही बंद करून घेते. वडिलांना वाटते आपण शाळा काढून टेनिसला देतो आहोत. हिशेब उलटा बसतो.

आणखी एक नियम सांगते. 1990 साली अमेरिकेत जेनिफर कॅप्रियाती नावाची मुलगी चौदावे वर्ष पुरे होण्याआधीच व्यावसायिक खेळाडू झाली. त्याच वर्षी पॅरिसच्या स्पर्धेत उपान्त्य फेरीत गेली, 1992 साली ऑलिंपिकचे सुवर्ण मिळवले. सगळे जग टाळ्या वाजवत होते. पुढच्याच वर्षी ती खेळ सोडून घरी बसली, इतकी ती थकून गेली होती. कित्येक वर्षांनी, 2001 साली, ती परत उभी राहिली आणि ऑस्ट्रेलियाची स्पर्धा जिंकली, हे तिचे मोठेपण. पण अशा मुली पाहूनच स्त्रियांच्या टेनिससंघटनेने वयाचा नियम केला. चौदा वर्षांच्या आतल्या मुलीला व्यावसायिक स्पर्धा बंद. चौदाव्या वर्षी वर्षाला मोजक्याच. मग वय वाढेल तशी संख्या वाढते, आणि अठरा पूर्ण झाल्यावर मोकळीक. आता बघा, ज्यांचा हा धंदा आहे तेच म्हणतात की चौदा वर्षांच्या मुलीने वर्षभर स्पर्धा खेळू नयेत. मग नववीतली शाळा सोडवून रिकामा केलेला वेळ जाणार कुठे?

कोणी म्हणेल, स्टेफी ग्राफने काय केले? ती तेराव्या वर्षी, 1982 साली, व्यावसायिक झाली आणि बावीस मोठी अजिंक्यपदे जिंकली. खरे आहे. पण शाळा सोडून खेळायला गेलेल्या आणि काहीच न झालेल्या मुलींची नावे कुठेच छापलेली नसतात.

मला स्वतःला भावते ती अल्थिया गिब्सनची गोष्ट. अमेरिकेतल्या काळ्या समाजातली, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेली, शाळा बुडवणारी, शेवटी सोडून दिलेली मुलगी. तिचा खेळ पाहून 1946 साली एका डॉक्टरांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले, त्यांच्या अंगणातले कोर्ट दिले, पण त्याबरोबर शाळेतही घातले. आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या वर्गात ही उंच, थोराड मुलगी बसली. 1949 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, तिने शाळेची परीक्षा पुरी केली. 1953 मध्ये पदवी घेतली. आणि 1957 साली विंबल्डनचे अजिंक्यपद इंग्लंडच्या राणीच्या हातून घेतले, 1958 साली पुन्हा. त्या काळी या स्पर्धांत पैसा नव्हता, तेव्हा पदकांनी तिचे पोट भरले नाही. जन्मभर तिने नाना उद्योग केले. लांबलेले शिक्षण म्हणजे काय, हे मला या बाईकडून समजले. बाविसाव्या वर्षी मॅट्रिक झाली म्हणून तिला कोणी नापास म्हटले नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या सोयीचे उपाय काय आहेत? खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म तुम्हाला माहीत आहे; पुष्कळ सुनांनी तो भरून परीक्षा दिली आहे. त्याशिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एक-दोन विषय करत करत पाच वर्षांत पुरी करता येते. खेळणाऱ्या मुलीला ही फार सोयीची. पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. शिवाय राज्य पातळीवर चमकलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला वाढीव गुणांची सवलत आहे, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पण ती नोकरी मिळवायलाही त्या त्या जागेसाठी लागणारे शिक्षण पाहिजेच, हे विसरू नका.

माझे म्हणणे असे की, दहावीपर्यंत तिला इथल्याच शाळेत ठेवावे. सकाळी दोन तास सराव, शनिवार-रविवार पुण्याला. एस.टी.ने अडीच-तीन तास लागतात, आणि चाकणला गाडी अडकली की देवाचे नाव घ्यायचे, हे मला ठाऊक आहे. पण दोन वर्षे हे सोसावे. दहावीनंतर अकरावी पुण्यात, त्या वेळी खोली घ्यावी, त्या वेळी जमिनीचा विचार करावा. दोन वर्षांत मुलीचा खेळ कुठे जातो तेही दिसेल. तिच्या प्रशिक्षकांना हे कदाचित आवडणार नाही. त्यांच्याशी वडिलांनी बसून बोलावे, भांडू नये.

आणि आईविषयी कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. आई पुण्यात राहिली की इथे धाकटा मुलगा कोणाकडे? गुरांचे कोण बघणार? आजींच्या गुडघ्यांना तेल कोण लावणार? दोन ठिकाणी दोन चुली पेटवायच्या म्हणजे एक बाई दोन ठिकाणी अर्धी अर्धी राहणार. मुलीच्या खेळाचा खर्च लिहून काढताना हा आकडा वहीत कधीच येत नाही. आईने जायचेच ठरवले तर ते तिच्या इच्छेने असावे, आणि घरातल्या पुरुषांनी इथली चूल सांभाळण्याचे शब्द दिलेले असावेत, शक्यतो साक्षीदारांसमोर! (हशा)

मुलगी काळी पडते, आखूड कपडे घालते, पुढे लग्नाचे काय, या गोष्टी मी ओट्यावर बसलेल्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. ऋतुजाचे लग्न झाले आणि पदक त्यानंतर मिळाले, हे मी सांगितलेच. सानिया मिर्झाला 2018 साली मुलगा झाला आणि 2020 च्या जानेवारीत होबार्टला तिने दुहेरीची स्पर्धा जिंकली. यापलीकडे त्या विषयावर वेळ घालवावा असे मला वाटत नाही.

आता शेवटचे, आणि हे मंडळाच्या कामाचे. मुलगी आठवड्यात दोन-तीन दिवस शाळेला मुकणार. तेवढा अभ्यास कोणीतरी भरून काढला पाहिजे. शिकवणीचे पैसे त्या घरावर आणखी टाकू नयेत. आपली शिवणवर्गाची खोली संध्याकाळी साडेसहानंतर रिकामी असते, चावी माझ्याकडेच आहे. मराठी, संस्कृत आणि इतिहास मी घेते. इंग्रजी घेण्याचे आपल्या एका निवृत्त भगिनीने कालच कबूल केले आहे, त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत आणि मान हलवत आहेत. शास्त्राची सोय होईल. बीजगणित आणि भूमिती मात्र अजून कोणाच्या पदरात पडलेले नाही. दोन बी.एस्सी. झालेल्या सुना सभेत आहेत, त्या माझी नजर चुकवत आहेत. चहाच्या वेळी मी त्यांच्याकडे येते.